लाटव्हियाचे गीतोत्सव



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावरून पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज गाण्यावर बोलणार आहे. मला स्वतःला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांशी. तेव्हा संगीतशास्त्राच्या अंगाने या विषयात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मी त्याच्याकडे संघटनेच्या अंगाने पाहणार आहे.

या विषयाकडे मी कसा वळलो ते थोडक्यात सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली आणि आम्ही दारासमोर मांडव घालून बसलो. पहिले आठ दिवस भाषणांवर निघाले. मग बोलणारे थकले आणि ऐकणारे त्याहून थकले. दुपार झाली की माणसे एकेक करून उठू लागली. एके दिवशी वेल्डिंग खात्यातल्या चौघांनी घरून टाळ-मृदंग आणले आणि भजन सुरू केले. मी चिडलो. म्हटले, हा लढा आहे की हरिनाम सप्ताह? त्यांच्यातला एक वयस्कर कामगार शांतपणे म्हणाला, ''भाऊ, तुमच्या भाषणात आम्हाला नुसतं बसायचं असतं. भजनात प्रत्येकाला काम असतं.'' त्या दिवसापासून मांडव रिकामा झाला नाही. लढा आम्ही निम्माच जिंकलो, ती गोष्ट वेगळी. पण 'प्रत्येकाला काम असतं' हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पुढे वाचनालयात लाटव्हियाचा इतिहास हाती पडला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला दीडशे वर्षांच्या हिशेबाने कळला.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राच्या काठचा एक लहानसा देश. उत्तरेला एस्टोनिया, दक्षिणेला लिथुआनिया, पूर्वेला रशिया. लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या एकट्या पुणे शहरात याहून अधिक माणसे राहतात. भाषा मात्र आपल्याला अगदीच परकी नाही. देवाला ते 'दिएव्स' म्हणतात, दिवसाला 'दिएना', अग्नीला 'उगुन्स', तीनला 'त्रीस' आणि चारला 'चेत्री'. संस्कृतची ही लांबची मावसबहीण हजारो वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी राहिली आणि फार उशिरा कागदावर आली.

उशिरा का, याचे कारण राजकीय आहे. इ. स. १२०१ मध्ये जर्मन बिशप आल्बर्ट याने रीगा शहराची स्थापना केली, आणि धर्मयुद्धाच्या नावाखाली आलेल्या जर्मन सरदारांनी या भूमीवर जम बसवला. पुढे पोलंड आले, स्वीडन आले, १७१० साली रीगा रशियाच्या झारपुढे शरण गेले. राजे बदलले, पण गावावरचा जमीनदार जर्मनच राहिला. लाटव्हियन माणूस म्हणजे त्याच्या शेतावरचे बांधलेले कूळ. १८१७ साली कुर्लंड प्रांतात आणि १८१९ साली लिव्होनिया प्रांतात भूदासपण कायद्याने संपले. परंतु मोकळीक मिळाली, जमीन मिळाली नाही. पाखराला पिंजऱ्याबाहेर सोडावे आणि सारे रान आपल्या नावावर ठेवावे, असा तो न्याय होता. शहरात कचेरीची भाषा जर्मन, न्यायाची भाषा जर्मन, प्रतिष्ठेची भाषा जर्मन. शिकून वर आलेला लाटव्हियन माणूस जर्मन म्हणवून घेऊ लागे.

अशा लोकांजवळ स्वतःचे काय उरले होते? गाणी उरली होती. त्यांना 'दाइना' म्हणतात. बहुतेक चार ओळींच्या, बहुतांशी बायकांनी रचलेल्या, कर्त्याचे नाव नसलेल्या. दळताना, गुरे राखताना, लग्नात, बारशात, मर्तिकात त्या म्हटल्या जात. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. साने गुरुजींनी जशा ओव्या गोळा केल्या, तशा क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थाने आयुष्यभर दाइना गोळा केल्या. मॉस्कोत शिकवणी करून पोट भरणारा हा माणूस. गावोगावच्या लोकांनी चिठ्ठ्यांवर गाणी लिहून पाठवली; १८८० साली त्याने त्यांच्यासाठी सत्तर खणांचे एक कपाट करून घेतले आणि एकेक चिठ्ठी लावत बसला. १८९४ ते १९१५ या काळात त्याचे सहा खंड निघाले. त्यांत २,१७,९९६ गाणी आहेत. ते कपाट आज रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एखाद्या राष्ट्राने राजाची तलवार जपावी तसे या राष्ट्राने चिठ्ठ्यांचे कपाट जपले आहे.

पण, श्रोतेहो, घरात एकट्याने म्हणावयाचे गाणे वेगळे आणि हजारांनी उभे राहून गावयाचे गाणे वेगळे. दाइना ही जुनी वस्तू. समूहगायन ही त्या मानाने नवी, आणि खरे बोलायचे तर ती मालकाच्या घरून आलेली. अठराव्या शतकात मोरावियन पंथाचे धर्मोपदेशक या खेड्यांत आले. त्यांच्या सभागृहांत कुळे एकत्र बसून अनेक सुरांत भजने म्हणू लागली. सरदारांना या बैठकांचे भय वाटले आणि १७४३ साली रशियाच्या सम्राज्ञीने त्यांवर बंदी घातली. कुळे एकत्र बसली की मालकाला भय वाटते, मग ती भजनाला का बसलेली असेनात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन नागरिकांनी स्वतःच्या गायनसंस्था काढल्या. १८३६ साली रीगात त्यांचा संगीतोत्सव झाला आणि १८६१ साली मोठा गायनोत्सव. लाटव्हियन माणसाने तो बाहेर उभे राहून पाहिला आणि मनाशी म्हटले, हे आपल्यालाही येईल.

ते येण्याची तयारी एका शाळामास्तराने करून ठेवली होती. यानिस झिम्झे हे त्याचे नाव. त्याने १८३९ पासून ग्रामशिक्षक तयार करण्याची शाळा चालवली. ती पुढे वाल्का गावी गेली. तेथून बाहेर पडणारा प्रत्येक मास्तर वाद्य वाजवणारा आणि चार आवाजांत गाणे बसवणारा असे. खेड्यात जाऊन तो मुलांना अक्षरे शिकवी आणि संध्याकाळी मोठ्यांना सूर शिकवी. झिम्झेने लोकगीतांना समूहगायनाचा साज चढवून त्यांचे संग्रहही छापले. त्याच्या राजकीय मतांवर पुढच्या तरुणांनी टीका केली. जर्मनांपुढे तो फार नमतो, असे ते म्हणत. टीका खोटी नव्हती. पण कार्यकर्ते तयार करणारी शाळा कोणी काढली, हा प्रश्न संघटनेत महत्त्वाचा असतो, आणि त्याचे उत्तर झिम्झे हेच आहे.

१८६४ साली डिक्ली या गावी युरिस नेइकेन्स या पाद्र्याने सहा पुरुषवृंद एकत्र आणले. गायक १२०. ही पहिली ठिणगी. १८६८ साली दुष्काळपीडितांना मदत करण्याच्या धडपडीतून रीगा लाटव्हियन संस्था उभी राहिली. एस्टोनियन लोकांनी १८६९ साली टार्टू येथे आपला पहिला गीतोत्सव केला. आणि जून १८७३ मध्ये रीगा संस्थेने पहिला सर्व-लाटव्हियन गीतोत्सव भरवला. गायक हजाराच्या घरात. पंचेचाळीसच्या आसपास वृंद.

हजार हा आकडा आज आपल्याला लहान वाटेल. पण तो कसा जमला असेल याचा विचार करा. खेडोपाडी विखुरलेले शेतकरी आणि मास्तर. एकाच चोपडीतली गाणी सर्वांनी निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या संध्याकाळी, दिवसभराचे काम आटोपून बसवायची. एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. मग एके दिवशी रीगात येऊन सर्वांनी एका हाताच्या इशाऱ्यावर एका क्षणी तोंड उघडायचे. त्यांतील एकही आवाज एकट्याने ऐकण्याजोगा नसेल. सारे मिळून मात्र शहर थांबून ऐकते. ज्या शहरात त्यांची भाषा मोलकरणीची आणि हमालाची समजली जाई, त्या शहराच्या रस्त्यांवरून हे लोक मिरवणुकीने गेले आणि झारच्या बागेत उभे राहून आपल्या भाषेत गायले. मी संघटनेचा माणूस आहे म्हणून सांगतो, सभा बोलावणे सोपे असते. सर्वांनी आधी घरी अभ्यास करून यावे अशी सभा बोलावणे फार अवघड.

या उत्सवाच्याच दिवसांत कार्लिस बाउमानिस या शिक्षकाने रचलेले एक गीत प्रथम गायले गेले. त्यात 'लाटव्हिया' हा शब्द होता. नकाशावर असा देश नव्हता. झारच्या अधिकाऱ्यांना तो शब्द खपला नाही, आणि त्या जागी 'बाल्टिक' प्रदेशाचे नाव घालावे लागे. सत्तेला गाण्याचे भय नसते, गाण्यातल्या एका शब्दाचे असते. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, १९२० साली, तेच गीत मूळ शब्दासह स्वतंत्र लाटव्हियाचे राष्ट्रगीत झाले.

१८८०, १८८८, १८९५ असे उत्सव झाले. मग एकदम १९१०. मधली पंधरा वर्षे मोकळी का, हे समजण्यासाठी १९०५ आठवावे लागते. तोवर रीगा हे मोठे कारखान्यांचे शहर झाले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे १३ तारखेला, कामगारांच्या मोर्चावर झारच्या सैन्याने गोळ्या झाडल्या. सत्तरांहून अधिक माणसे पडली. पाठोपाठ खेड्यांतली कुळे उठली, जमीनदारांचे वाडे जळले, आणि मग आलेल्या पलटणींनी शेकडो लोकांना खटल्यावाचून गोळ्या घातल्या. हे मी मुद्दाम सांगतो. लाटव्हिया केवळ गाऊन स्वतंत्र झाला, असे गोड बोलणारे लोक आहेत. तसे नाही. रक्त सांडले, आणि ते प्रथम कामगारांचे आणि कुळांचे सांडले. गाणे त्या रक्ताच्या जागी आले नाही. ते त्याच्या आधी होते आणि नंतरही राहिले.

१९१८ साली स्वातंत्र्याची घोषणा झाली. १९२६, १९३१, १९३३, १९३८ या साली उत्सव झाले. परंतु यातही एक काळी बाजू आहे. मे १९३४ मध्ये कार्लिस उल्मानिस या पंतप्रधानाने संसद बरखास्त केली, सर्व पक्षांवर बंदी आणली, समाजवादी पुढाऱ्यांना अटकेत टाकले. १९३८ चा उत्सव या एकाधिकाराच्या छायेत झाला. तेच गायक, तीच गाणी. फक्त व्यासपीठावर आता लोकांचा 'पुढारी' उभा. म्हणजे गीतोत्सव आपोआप लोकशाहीवादी असतो, असे मानण्याचे कारण नाही. जो खुर्चीवर असेल तो गाणाऱ्यांच्या गर्दीसमोर उभे राहू पाहतोच.

जून १९४० मध्ये दाउगाव्हपिल्स येथे लाटगाले प्रांताचा गीतोत्सव चालू होता. १६ तारखेला, त्याच दिवशी, मॉस्कोचा निर्वाणीचा खलिता रीगात आला. उल्मानिस उत्सवाला येऊ शकला नाही. त्याचे भाषण रेडिओवरून ऐकवले गेले. जमलेल्या लोकांनी राष्ट्रगीत एकदा म्हटले, पुन्हा म्हटले, तिसऱ्यांदा म्हटले. दुसऱ्या दिवशी रीगाच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे होते.

पुढच्या वर्षांचे वर्णन करायला जीभ रेटत नाही. १४ जून १९४१ रोजी पंधरा हजारांवर माणसे एका रात्रीत उचलून सैबेरियाकडे नेली. मग हिटलरचे सैन्य आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या दोन दिवशी रीगाजवळच्या रुम्बुला रानात सुमारे पंचवीस हजार ज्यू मारले गेले, आणि या कामात जर्मनांना मदत करणारे काही लाटव्हियनही होते. गाणारे राष्ट्र म्हणून ते निष्पाप राष्ट्र होत नाही. गाणे माणसाला एकत्र आणते. कशासाठी एकत्र यायचे, हे त्यालाच ठरवावे लागते.

युद्ध संपता संपता हजारो लोक पश्चिमेकडे पळाले. त्यांत ज्येष्ठ संगीतकार याझेप्स व्हीतोल्स हाही होता. तो १९४८ साली जर्मनीत, ल्यूबेक येथे, निर्वासित म्हणूनच वारला. त्याच १९४८ साली सोव्हिएत लाटव्हियाने रीगात गीतोत्सव भरवला. पहिल्या उत्सवाला तेव्हा पंचाहत्तर वर्षे होत होती. वर्षभरात, मार्च १९४९ मध्ये, पुन्हा बेचाळीस हजारांवर लोक हद्दपार झाले.

मी लाल बावट्याखाली वाढलेला माणूस आहे. तेव्हा येथून पुढचे बोलणे मला सोपे नाही, पण टाळणेही बरे नाही. सोव्हिएत सरकारने उत्सव बंद केला नाही. उलट त्यावर खर्च केला. १९५५ साली रीगाच्या मेझापार्क्स उद्यानात हजारो गायक मावतील असा भव्य रंगमंच बांधला. हे नाकारू नये. परंतु उत्सवांची वर्षे पाहा : १९५०, १९५५, १९६०, १९६५. १९४० साली सोव्हिएत सत्ता आली, त्याला दहा, पंधरा, वीस, पंचवीस वर्षे. लोकांचा उत्सव सत्तेच्या वाढदिवसाला बांधला गेला. कार्यक्रमात पक्षाची आणि नेत्यांची स्तोत्रे सक्तीने आली. राष्ट्रगीत निषिद्ध झाले. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात कामगाराला आपले गाणे निवडण्याची मुभा नव्हती. याचे समर्थन माझ्याच्याने होत नाही.

लोकांनी काय केले? त्यांनी वाटून घेतले. स्तोत्रे सरकारची म्हणून म्हणून टाकली आणि लोकगीते आपली म्हणून गायली. त्यातले 'पूत, व्हेयिनी' हे वाऱ्याला उद्देशून असलेले जुने लोकगीत न बोलता सवरता राष्ट्रगीताच्या जागी जाऊन बसले. इकडे परागंदा झालेल्यांनी जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत, आणि १९५३ पासून अमेरिकेत आणि कॅनडात आपले उत्सव चालू ठेवले.

आता १९८५ कडे येतो. व्हीतोल्सने १८९९ साली आउसेक्लिस या कवीच्या कवितेला चाल लावली होती. 'गाइस्मस पिल्स', म्हणजे 'प्रकाशाचा किल्ला'. गोष्ट अशी की, लोकांचे स्वातंत्र्य गेले तेव्हा हा किल्ला खोल बुडाला. त्याचे विसरलेले नाव जो कोणी ओळखून उच्चारील, त्याच्यासाठी तो पुन्हा वर येईल. १९८५ च्या उत्सवाच्या छापील कार्यक्रमातून हे गीत वगळले होते. समारोपाच्या रात्री मंचावरचे गायक आणि समोरचे लोक ते मागू लागले. मागणी थांबेना. अखेर हाराल्ड्स मेडनिस या वयोवृद्ध संचालकाला पुढे आणले गेले, त्याने हात उचलला, आणि हजारो माणसे ते गायली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते गीत सोपे नाही. अनेक आवाजांचे, चढउताराचे, अवघड गीत आहे. कार्यक्रमात नसताना, ऐनवेळी, हजारो माणसांना ते एकदम गाता आले, याचा अर्थ ते सर्वांना आधीपासून येत होते. कोणी तरी, कोठे तरी, संध्याकाळच्या तालमींत ते जपले होते. क्षण पाच-दहा मिनिटांचा. तयारी शंभर वर्षांची. आम्ही संघटनेत ज्याला 'बांधणी' म्हणतो ती हीच.

पुढचे आपण जाणता. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टालिन, रीगा आणि विल्निउस या तीन राजधान्यांना जोडणारी सहाशे किलोमीटरांहून लांब मानवी साखळी उभी राहिली. ४ मे १९९० ला लाटव्हियाच्या प्रतिनिधिमंडळाने स्वातंत्र्य परत घेण्याचा ठराव केला, आणि त्या उन्हाळ्यातल्या गीतोत्सवात परदेशांतून आलेले वृंद मायदेशातल्या वृंदांसह राष्ट्रगीत गायले. जानेवारी १९९१ मध्ये रीगाच्या रस्त्यांवर लोकांनी लाकडांचे ओंडके, ट्रॅक्टर, मालमोटारी आडव्या घातल्या आणि शेकोट्यांभोवती रात्री जागून काढल्या. गाणी होतीच. २० तारखेला गोळीबार झाला, माणसे मेली. तरी लोक हटले नाहीत. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य पक्के झाले.

युनेस्कोने २००३ साली बाल्टिक गीत-नृत्योत्सवांचा मानवजातीचा ठेवा म्हणून गौरव केला. २००५ साली लाटव्हियाने उत्सवासाठी स्वतंत्र कायदा केला. २०२३ साली दीडशे वर्षे झाली, तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांनी त्यात भाग घेतला. एकोणीस लाखांत चाळीस हजार, हे प्रमाण मनाशी मांडून पाहा. शेवटच्या रात्री कार्यक्रम संपल्यावर कोणी घरी जात नाही. पहाट होईपर्यंत गायक आणि श्रोते मिळून गात राहतात.

तरीही एक प्रश्न उरतो. त्या देशात सुमारे चौथा हिस्सा लोक रशियन वंशाचे आहेत. त्यांतले पुष्कळजण सोव्हिएत काळात कारखान्यांत कामाला आलेल्या मजुरांची मुले-नातवंडे. स्वातंत्र्यानंतर त्यांतील अनेकांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. एके काळी जे लाटव्हियन जर्मनांच्या बागेबाहेर उभे होते, त्यांनी आता आपल्या बागेबाहेर कोण उभे आहे, हे पाहावयास हवे. ज्यांनी हे गाणे कमावले त्यांनाच हा प्रश्न विचारता येतो, आणि त्यांनाच तो सोडवता येईल.

आमच्या मांडवातला तो वयस्कर कामगार आता हयात नाही. त्याला लाटव्हिया माहीत असण्याचे कारण नव्हते. पण लोकांना नुसते बसवून ठेवले तर ते उठून जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काम आले तर ते टिकतात, ही रीगाच्या दीडशे वर्षांची गोष्ट त्याने मला एका वाक्यात सांगितली होती. तेव्हा मी चिडलो होतो. आज ती कबुली आपल्यासमोर देतो.